पोट असलेली सुरी

राइस लेकमधलं हार्डवेअरचं दुकान, नोव्हेंबर.
बर्फाच्या फावड्यांपलीकडे काचेच्या कपाटात
सुऱ्या मांडल्यात मखमलीवर, दागिन्यांसारख्या.
डार्लीन किल्ली आणते. "काय सोलायचंय?"
हरीण, मी म्हणतो. माझं नाही. ऑर्विलचं.

ऑर्विल क्नूटसन, शेजारी, वय एक्क्याऐंशी.
यंदा बोटांनी दगा दिलाय त्याला.
गोळी झाडता येते म्हणतो, शर्टाचं बटण लावता येत नाही.
"सोलशील तू?" त्याने कुंपणावरून विचारलं,
शिडी मागावी इतक्या सहज.
"सुरी मात्र स्वतःची घे.
दुसऱ्याच्या सुरीवर हात शिकत नाही."

डार्लीन एकेक काढून ठेवते.
ही क्लिप पॉइंट, पाठ पुढे खरवडून टोक काढलेली,
देखणी, पण घाईची;
मनगट जरा चुकलं की कातड्याला भोक.
हिच्या पाठीवर आकडा आहे, पोट फाडायला.
केस अडकतात त्यात, डार्लीनच नाक मुरडते.
ही ड्रॉप पॉइंट, टोक नम्रपणे खाली झुकलेलं,
"नवख्याला मी हीच देते."
आणि ही.
आखूड, रुंद, धार पुढे गोल होत वर चढलेली
वाटीच्या काठासारखी.
"हिला पोट आहे," डार्लीन म्हणते. "सोलायला पोट लागतं."

मी हसलो. तिला वाटलं, मला विनोद कळला.

तासगावच्या वेशीबाहेर माझ्या आज्याकडे एकच सुरी होती.
मेलेलं जनावर ओढून न्यायचं, सोलायचं.
गाव नाकाला पदर लावायचं
आणि पायात वहाणा घालायचं.
सुरीचा आकार त्याने निवडला नव्हता.
दगडावर घासून घासून तीस वर्षांत
टोक गेलं, धार गोल झाली,
सुरीला पोट आलं.
आज्याला नाही आलं.

दादांनी ती ओढ्यात फेकली म्हणे, पोस्टात लागले त्या दिवशी.
आमच्या घरी कांदासुद्धा विळीवर.
परवा फोनवर विचारलं, आज्याची सुरी दिसायला कशी होती?
"कुकर लावलाय," म्हणाले, आणि ठेवला.

एकशे चाळीस डॉलर. मूठ अक्रोडाच्या लाकडाची.
मागे रांगेत नारिंगी टोप्या.
त्यातला एक पुढे वाकून बघतो,
"चांगली निवडलीस," म्हणतो, आणि पाठीवर थाप देतो.
या कामाबद्दल आमच्या घराण्यात
कुणाच्या पाठीवर पडलेली ही पहिली.

शनिवारी गॅरेजात हरीण उलटं टांगलेलं,
ऑर्विल घडीच्या खुर्चीत, मांडीवर थर्मास.
मागच्या पायांच्या सांध्यांभोवती एकेक कडं,
मांडीच्या आतून सरळ रेघ,
मग सुरीला फारसं काम उरत नाही.
मूठ आत घालायची, अंगठ्याने रेटायचं,
ओलं कापड सोडवल्यासारखा आवाज.
अडेल तिथेच धार,
तीही टोकाने नाही, पोटाने,
साय काढावी तशी.
मनगटाला हे आधीच माहीत होतं
असं म्हणायला मला आवडलं असतं.
दोन ठिकाणी भोकं पडली.

"चालेल," ऑर्विल म्हणाला. "कातडं लायन्स क्लबच्या पेटीत टाक,
सगळे तिथेच टाकतात."
मी नाही टाकलं.
फरशीवर पसरलं, केस खाली,
आणि काहीच न लिहिता फोटो घरी पाठवला.

रात्री दोनला उशाशी उजेड पडला.
जाडं मीठ, दादांनी लिहिलं होतं.
मांसाच्या बाजूने. कडांना जास्त.
मग बऱ्याच वेळाने, आणखी एक:
भोकं कशी पडली?